पायधऱ्या इथेल

लोक कामासाठी राजाचे पाय धरतात, माफीसाठी धरतात, जमिनीच्या तुकड्यासाठी धरतात, आणि काम झालं की सोडून देतात. इथेलने ते आयुष्यभर धरले. तेच त्याचं काम होतं. राजा तेगवान मेजवानीला बसला की त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन खाली अंथरलेल्या लव्हाळ्यावर बसायचं, आणि राजा उठून निजायला जाईपर्यंत ते जमिनीला लागू द्यायचे नाहीत. राजाच्या पाठीला खाज सुटली तर खाजवायचं. जेवायचं ते राजाच्याच ताटातलं. आमच्या डोंगरांत प्रत्येक दरबारात असा एक पायधऱ्या असतो. ज्यांना याचं हसू येतंय त्यांनी आधी आमच्याकडच्या हिवाळ्यात एक अख्खी मेजवानी ओल्या पायांनी बसून काढावी, मग खुशाल हसावं.

हल्ली कवी या राजाची गाणी गातात. त्यांत सैन्यं येतात, मुकुट चिखलात लोळतात, विजा कडाडतात. एकाने तर राजाला वेड लावून रानोमाळ हिंडवलं. गाणी ऐकायला बरी आहेत आणि कवींनाही पोट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या एकाही गाण्यात इथेल नाही. ज्याच्या मांडीवर सगळी गोष्ट घडली त्यालाच गाळून गोष्ट सांगायची, म्हणजे कमाल झाली.

हे काम त्याला चुकून मिळालं होतं. तो मेंढपाळाचा मुलगा. थंडीच्या दिवसांत लोकरीचं गाठोडं पोचवायला दरबारात आला, आणि जरा शेकावं म्हणून शेकोटीजवळ जाऊन नेमका नको त्या जागी बसला. जुना पायधऱ्या मधाची दारू पिऊन खांबाला टेकून घोरत होता. तेगवान तेव्हा तरणाबांड, शिकारीहून ओलाचिंब आलेला. त्याने खाली न बघता पाय सोडले आणि ते इथेलच्या मांडीवर पडले. आता राजाचे पाय उचलून बाजूला कोण ठेवणार? इथेल श्वास रोखून बसला. थोड्या वेळाने त्याला राहवेना. त्याने गाठोड्यातून मूठभर लोकर ओढली आणि ते पाय खसाखसा पुसून कोरडे केले. राजा खाली वाकला.

“तू कोण रे?”

“लोकर घेऊन आलोय, धनी.”

“दिसतंय ते. उद्यापासून इथेच बस.”

जुना पायधऱ्या शुद्धीवर आला तेव्हा त्याची जागा गेलेली होती. तो मरेपर्यंत इथेलला ‘मांडीचोर’ म्हणत राहिला, आणि इथेलला ते थोडंफार खरंही वाटायचं. त्या म्हाताऱ्याला तो दर सणाला चीजचा गड्डा नेऊन द्यायचा. म्हातारा चीज ठेवून घ्यायचा आणि शिवी हासडायचा.

इथेलची बायको गेनेरिस. तोंडाची तिखट बाई, पण तिच्या हातची भाकरी खाऊन कोणी उपाशी उठला नाही. इथेल दरबारातून घरी आला की तिचं सुरू व्हायचं.

“आलात? कुरवाळून झाले धन्यांचे पाय? इथे माझ्या टाचांना भेगा पडल्यात, त्या बऱ्या दिसत नाहीत कोणाला. मी काय घोडी आहे, जाऊन नाल ठोकून घेऊ?”

“आण इकडे,” इथेल म्हणायचा, आणि खरोखरच तिचे पाय मांडीवर ओढून घ्यायचा. मग ती जास्तच चिडायची, कारण भांडण अर्धंच राहायचं.

पायधऱ्याला आमच्याकडे एक मोठा हक्क असतो. राजाचे पाय जोवर त्याच्या मांडीवर आहेत तोवर जो कोणी येऊन त्याला शिवेल त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, मग तो खुनी का असेना. मेजवानी संपेपर्यंत पाय तिथेच राहिले तर त्या माणसाला सुखरूप वेशीबाहेर पोचवायचं. मात्र मध्येच राजाने पाय काढून घेतले की हक्क संपला. एकदा एक घोडेचोर धावत येऊन इथेलच्या गळ्यातच पडला. चोरलेली घोडी राजाची लाडकी होती. तेगवानच्या पायांना रागाने हिसके बसायला लागले, पण त्याच वेळी भाजलेलं डुक्कर पुढ्यात आलं आणि राजाला काही उठवेना. चोर पोटभर जेवला आणि जाता जाता इथेलच्या गालाचा मुका घेऊन गेला.

तेगवानला मुलगा नव्हता. तीन मुली. थोरल्या दोघी लांब लांब दिल्या गेल्या आणि तिकडेच रमल्या. धाकटीच्या बाळंतपणात राणी गेली. राजाघरची मुलं दुसऱ्याच्या घरी वाढवायची आमची रीत. तेव्हा सरदारांच्या बायका नव्या दुपट्यांसकट तयार होऊन बसल्या होत्या. पण तेगवानने ते एवढंसं गाठोडं आणून इथेलच्या हातात ठेवलं.

“तुझ्या बायकोकडे ने हिला,” तो म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. “त्या सरदारणी राजकन्या वाढवतील. मला साधी पोर वाढलेली हवी आहे.”

गेनेरिसला मूल नव्हतं. त्या दिवशी दिवसभर ती कोणाला एक अक्षर टोचून बोलली नाही. तेव्हाच इथेलला कळलं की आपल्या घरात काहीतरी फार मोठं घडलंय.

मुलीचं नाव मेलेरी. ती मेंढ्यांत वाढली, ओढ्यात पडली, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे धावली. गेनेरिसला ती ‘माय’ म्हणायची आणि इथेलला ‘आबा’. मेजवानीत सगळे गाण्यात गुंग झाले की राजा हळूच खाली वाकायचा.

“पोर झोपते का रे नीट?”

“झोपते, धनी. पालथी.”

“मीही पालथाच झोपतो,” राजा म्हणायचा, आणि एखादा गड जिंकल्यासारखा सरळ होऊन बसायचा. इथेललाही फार बरं वाटायचं. पोर आपली नाही हे त्याला ठाऊक होतं, पण ती त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची तेव्हा त्याला हे आठवत नसे, आणि आठवून द्यायची कोणाची हिंमतही नव्हती, कारण गेनेरिस जवळच असायची.

मेलेरी मोठी झाल्यावर रीतीप्रमाणे बापाकडे परत गेली. पलीकडच्या खोऱ्यातल्या सरदाराशी तिचं लग्न ठरलं. त्या घराशी जुनं वैर होतं, ते या लग्नाने मिटायचं होतं. सरदार वयाने राजाएवढाच, आणि आधीच्या दोन बायका पुरून बसलेला. हे लग्न नको म्हणून मेलेरीने बापाला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग एका सकाळी मीठ विकायला आलेल्या एका तरुणाच्या खेचरावर बसून निघून गेली. साधा समुद्रकाठचा मीठवाला. सगळ्या मुलखाला तिच्या पळून जाण्याची बातमी दुपारपर्यंत कळली, आणि सरदाराची माणसं संध्याकाळी जाब विचारायला दारात उभी राहिली.

तेगवानने आसनावर बसून, भर दरबारात शपथ घेतली. ती पुन्हा या दारात दिसली तर तिला बांधून सरदाराच्या हवाली करीन. आणि तिचं नाव जो काढील त्याची जीभ छाटीन. आमच्याकडे राजाने चारचौघांत घेतलेली शपथ म्हणजे थट्टा नव्हे. ती सगळ्यांनी ऐकली, आणि मांडीवर पाय असलेल्या इथेलने सगळ्यात जवळून ऐकली.

तेव्हापासून दोन बाप मुके झाले. एक वर बसलेला, एक खाली. एकाच पोरीसाठी दोघांचा जीव तुटत होता आणि दोघांनाही तिचं नाव काढायची सोय नव्हती. ताटात मीठ आलं की राजाच्या पायाची बोटं आखडायची. इथेलला वाटायचं, आठवण झाली. खात्री मात्र त्याला कधीच नसायची. एकदा तर बोटं अशी वळली की इथेलचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात वरून आवाज आला, “अरे रगड की मेल्या! गोळा आलाय!”

असे बरेच हिवाळे गेले. राजाची दाढी पांढरी झाली, इथेलच्या डोक्यावर केसच राहिले नाहीत. मग एका वर्षी पानगळीच्या सुमाराला राजाचे पाय सुजायला लागले. आधी घोटे गेले, मग नडग्या. इथेलने अंगठ्याने दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. घरी जेवता जेवता त्याने हे गेनेरिसला सहज सांगितलं. तिने हातातला डाव खाली ठेवला.

“मेंढीला असं पाणी चढलं की ती किती टिकते हो?”

“मेंढी काय म्हणतेस? राजा आहे तो.”

“पाण्याला कळतं का ते?”

इथेलने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. गेनेरिस त्या विषयावर पुढे काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याची त्याने धास्ती घ्यायला हवी होती. पण बायको गप्प बसली की नवऱ्याला हायसं वाटतं, ही जगभरची चूक त्यानेही केली.

नाताळचा दिवस उजाडला. नाताळच्या मेजवानीला दरबाराचे दरवाजे सकाळपासून सताड उघडे असतात. भिकारी, वाटसरू, लंगडेपांगळे, कोणालाही आत येऊन शेकोटीपाशी बसता येतं. इथेल कमरपट्टा शोधत होता. तो गेनेरिसच्या हातात होता.

“ती येणार आहे आज,” गेनेरिस म्हणाली.

“कोण?”

“पोप येणार आहेत रोमहून! कोण म्हणून काय विचारता? आपली पोर.”

“तू निरोप धाडलास? मला न विचारता?”

“विचारलं असतं तर पुढच्या नाताळापर्यंत डोकं खाजवत बसला असतात. त्या पायांना पुढचा नाताळ नाही. तुम्हीच सांगितलंत.”

“अगं, बांधतील तिला! सरदाराची माणसं जेवायला आलीत आज. ती काय सोडणार आहेत?”

“म्हणून तर सांगितलंय, कुठे इकडेतिकडे बघायचं नाही, थेट आबाच्या मांडीपाशी जायचं. हक्क आहे ना तुमचा? घोडेचोराला चालतो आणि लेकीला चालत नाही?”

“आणि धन्यांनी पाय काढून घेतले तर?”

गेनेरिसने पुढे होऊन पट्टा त्याच्या कमरेला आवळला, जरा जास्तच आवळला.

“तर धरून ठेवा,” ती म्हणाली. “आयुष्यभर दुसरं काय केलंत?”

इथेल दरबारात गेला तो आपल्याच पायांना अडखळत. राजाला दोघांनी धरून आसनावर बसवलं. इथेलने पाय मांडीवर घेतले. ते ओल्या लाकडासारखे जड लागत होते. दरबार खचाखच भरला होता. कारभारी गोरोन्वी हातातली काठी आपटत ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी बसवत हिंडत होता. कोण कोणाच्या वर बसतो आणि कोण खाली, यातच त्याचा जन्म गेला होता. बाकावर कोणी बोटभर पुढे सरकला तरी त्याला रात्रभर झोप लागत नसे. सरदाराची माणसं मानाच्या बाकावर बसून मांसाची वाट बघत होती. इथेल दारातून आत येणारा प्रत्येक चेहरा न्याहाळत होता.

“हात का थरथरतायत तुझे?” राजाने विचारलं. “थंडी वाजते?”

“हो, धनी.”

“शेकोटीला पाठ आहे तुझी.”

“मग उकडत असेल, धनी.”

राजाने त्याच्याकडे जरा चमकून बघितलं. तेवढ्यात भिकाऱ्यांच्या घोळक्यातून एक बाई उठली. डोक्यावरून घोंगडी ओढलेली, चालताना दोन्ही पायांनी लंगडणारी. शेकोटी आणि आसन यांच्या मधून कोणी चालायचं नसतं. ती सरळ तिथूनच निघाली.

“ए बाई! अगं ए! तिकडे कुठे?” गोरोन्वी ओरडला. “वाढतात ते इकडे!”

ती थांबली नाही. इथेलपाशी येऊन ती लव्हाळ्यावर बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घोंगडी मागे सारली. तोंडाशी सुरकुत्या आल्या होत्या, उन्हावाऱ्याने रंग रापला होता. पण कपाळ तेच, आणि मान वाकडी करून बघायची खोडही तीच.

“आबा,” ती म्हणाली.

इथेलला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात राजाच्या पायांत अडकलेले. मग मानाच्या बाकावर गडबड उडाली आणि सरदाराची माणसं उभी राहिली. पायधऱ्याने अशा वेळी मोठ्याने बोलावं लागतं, नाहीतर हक्क लागत नाही. इथेलने तोंड उघडलं तर नुसतं कोकरासारखं काहीतरी बाहेर पडलं. त्याने घसा खाकरला.

“ही माझ्या आश्रयाला आहे,” तो म्हणाला. “राजाचे पाय माझ्या मांडीवर आहेत. हिला कोणी हात लावायचा नाही.”

सरदाराच्या माणसांतला थोराड होता तो पुढे आला. कायदा त्यालाही माहीत होता. तो इथेलशी बोललाच नाही.

“राजा तेगवान,” तो म्हणाला, “आम्हाला शब्द दिला होतास. आम्हाला भांडण नको. तू फक्त ऊठ.”

“धनी… शपथ आहे,” गोरोन्वी पुटपुटला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शपथ ती शपथ.

राजा समोरच्या दाराकडे बघत होता. मुलीकडे त्याने अजून एकदाही बघितलं नव्हतं. इथेलला खालून त्याची फक्त दाढी दिसत होती.

“बाबा,” मेलेरी म्हणाली, “भांडायला नाही आले मी. माफीही नाही मागत, मी सुखात आहे. तुम्हाला बघायला आले. बघून झालं की जाते.”

“मग? बघितलंस?” राजा दाराला उद्देशून म्हणाला.

“नाही. इथून पाय तेवढे दिसतायत. किती सुजलेत हो.”

आणि मग इथेलच्या मांडीवर ते पाय हलले. आधी त्याला वाटलं, गोळा आला असेल. मग डावा पाय वर उचलला गेला, आणि त्यापाठोपाठ उजवा. राजा पाय काढून घेत होता.

इथेलने दोन्ही घोटे घट्ट पकडले.

“सोड,” राजा म्हणाला.

“नाही, धनी.”

भिंतीकडेच्या बाकावर कोणाच्या तरी हातातला पेला पडला. राजाला ‘नाही’ म्हणणारा माणूस त्या दरबारात अजून जन्मायचा होता, आणि तो असा खाली बसलेला, टकला म्हातारा निघावा, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

“इथेल, पाय माझे आहेत.”

“मांडी माझी आहे, धनी.”

राजाने हिसका दिला. इथेलने छातीशी ओढून धरले. तो रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

“इतकी वर्षं धरले ते काम म्हणून धरले. आज खरोखर पाय धरतो, धनी. हिला जेवून जाऊ द्या. मग माझं घर जाळा, डोकं उडवा, काय ते करा. पण ही धडधाकट या दारातून बाहेर जाऊ दे. मी वाढवलीय हिला. हिचे दात पडले ते माझ्या घरात पडले. ही माझीही आहे!”

हे बोलून चुकल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. तरी त्याने पकड ढिली केली नाही. राजा ओढत होता, इथेल ओढत होता, आणि त्या ओढाताणीत आसनाचा एक पाय उचलला जाऊन सगळं आसन करकरलं. राजाचा चेहरा लालबुंद झाला.

“अरे गाढवा!” तो ओरडला. “पाय सोडल्याशिवाय मी खाली कसा येऊ?”

“खाली?” इथेलने विचारलं.

“खाली, खाली! पोरगी खाली बसलीय. मला इथून नुसती तिची टाळू दिसतेय!”

इथेलला सोडायचं होतं, पण बोटं उघडेनात. शेवटी मेलेरीनेच ती एकेक करून सोडवली. एका हाताने इथेलचा खांदा आणि दुसऱ्या हाताने गोरोन्वीची काठी धरून राजा तेगवान आसनावरून उतरला, आणि दाणकन लव्हाळ्यावर बसला. उतरताना त्याने अख्खा रस्सा अंगरख्यावर सांडून घेतला.

“धनी,” गोरोन्वीने हात जोडले, “पण शपथेचं काय?”

“ती मी त्या आसनावर बसून घेतली होती. त्याला विचार.” मग राजा सरदाराच्या माणसांकडे वळला. “तुमच्या धन्याला सांगा, तुला शब्द देणारा मी, मोडणाराही मीच. वैर धरायचं तर माझ्याशी धर. आणि म्हणावं, जरा लवकर ये. मला फार दिवस नाहीत.”

तो थोराड माणूस काहीतरी बोलणार होता. पण तोवर गोरोन्वीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्या लक्षात आलं होतं की राजा जमिनीवर बसलाय आणि सगळा दरबार त्याच्यापेक्षा वर बसलाय. असा अपमान आमच्या मुलखात कोणी ऐकला नव्हता. “खाली!” तो किंचाळला. “सगळे खाली! बाकावर कोण आहे तो?” आणि स्वतःचे दुखरे गुडघे धरून, कण्हत कण्हत तो आधी बसला. मग कवी बसले, भालदार बसले, धर्मगुरू झगा सावरत बसले. सरदाराची माणसं तेवढी उभी राहिली. पण बसलेल्या दरबारात उभं राहून तलवार कोणावर उपसणार? जराशाने तीही बसली, आणि कोणीतरी त्यांच्याकडे भाकऱ्या सरकवल्या.

बाप आणि लेक समोरासमोर होती. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं. राजा तिच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा खाली बघायचा. खाली बघता बघता त्याला तिचे पाय दिसले. चिंध्यांत गुंडाळलेले, आणि चिंध्या रक्ताने ताठरलेल्या.

“जोडे कुठे आहेत तुझे?”

“एक दलदलीत गेला. घाटात बर्फ होतं, खेचर चढेना, मग मी चालत निघाले.”

“आणि दुसरा?”

“दुसरा टाकून दिला. एका जोड्याचं काय करणार, बाबा?”

राजाने वाकून त्या चिंध्या सोडवायला घेतल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. मग तिचे दोन्ही पाय उचलून त्याने आपल्या मांडीवर घेतले. ते त्याच्याकडून घसरत होते. तो एकदा वरून धरायचा, एकदा बाजूने. कुठे हात लावला तर तिला लागेल आणि कुठे लावला तर लागणार नाही, ते त्याला कळत नव्हतं. त्याने जन्मात कोणाचे पाय धरले नव्हते. शेवटी त्याने मान वळवून इथेलकडे बघितलं.

“कसे धरतात रे?”

आजवर हे इथेलला कोणी विचारलंच नव्हतं.

“टाच तळहातात घ्या, धनी. हां, अशी. दुसरा हात वरून ठेवा. दाबू नका.”

“फार गार आहेत रे.”

“मग पोटाशी धरा,” इथेल म्हणाला.

राजाने अंगरखा वर केला, लेकीचे पाय आत घेऊन पोटाशी धरले, आणि पुढ्यातलं जेवण गार होऊन गेलं तरी सोडले नाहीत.